सेकंडहँड मोठी एसयूव्ही: पुढची दहा वर्षं

पुण्यात, कोल्हापुरात किंवा नाशकात जुन्या गाड्यांच्या बाजारात फेरी मारली, तर २०१२-१३ सालची टोयोटा फॉर्च्युनर आज एखाद्या नव्या छोट्या एसयूव्हीच्या पैशात मिळते. फोर्डची एंडेव्हर बऱ्याचदा त्याहून कमीत. सात माणसं बसतात, घाटात गाडीला दम लागत नाही, गावच्या रस्त्याचे खड्डे मोजावे लागत नाहीत, आणि लग्नाच्या मांडवासमोर उभी केली की यजमान आपसूक पुढे येतो. हे शेवटचं कारण कुणी कबूल करत नाही, पण सौदा बहुतेकदा त्यावरच ठरतो.

मेख पुढे आहे. गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. नवी डिझेल फॉर्च्युनर महाराष्ट्रात रस्त्यावर आणायला आज चाळीस लाखांहून जास्त लागतात. तिचे इंजेक्टर, टर्बो, क्लच, टायर या सगळ्यांचे भाव त्या हिशेबाने ठरलेले असतात. दहा लाखांत गाडी घेणाऱ्याला कुणी वेगळा भाव लावत नाही. त्यामुळे ‘घेतली तर आहे, आता हळूहळू करू’ हा विचार या वर्गातल्या गाडीत सर्वांत महाग पडतो. माझ्या मते सौद्याच्या किमतीच्या दहा ते पंधरा टक्के रक्कम पहिल्या तीन महिन्यांसाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर गाडी एक आकार लहान घ्यावी.

मीटर काय सांगत नाही

जुनी गाडी बघायला गेलं की आपली पहिली नजर मीटरवर जाते. मुरलेला मिस्त्री तिथे बघतही नाही. तो ड्रायव्हरचं दार उघडून खाली वाकतो आणि ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर बघतो. सत्तर हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीत त्या रबराची नक्षी पुसून कड गुळगुळीत झाली असेल, स्टिअरिंगचं चामडं डाव्या-उजव्या हाताच्या जागी चकाकत असेल, सीटची दाराकडची कड बसली असेल, तर ‘साहेब, मीटर फिरलंय’ एवढंच तो म्हणतो. बाजारात मीटर मागे घेणं हा काही कसबाचा प्रकार उरलेला नाही. स्कॅनर लावून गाडीच्या वेगवेगळ्या कंट्रोल युनिटांत नोंदलेले किलोमीटर ताडून बघता येतात, आणि शोरूमचा जुना सर्व्हिस रेकॉर्ड मिळाला तर दोन मिनिटांत सोक्षमोक्ष लागतो.

पण प्रामाणिक मीटरही अर्धीच गोष्ट सांगतं. महाराष्ट्रात फॉर्च्युनरचं राजकारणाशी असलेलं नातं नव्याने सांगायला नको. साहेब सभेत, गाडी बाहेर, एसी चालू, म्हणजे इंजिनही चालू. लग्न, अंत्यविधी, कारखान्याची बैठक, पुन्हा तेच. दोन तासांत मीटर एक किलोमीटरही पुढे सरकत नाही, पण ऑइल शिणतं, इजीआर व्हॉल्व्हमध्ये आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये काजळी साचत जाते. ट्रॅक्टर आणि जनरेटरचं आयुष्य तासांत मोजतात ते याचसाठी. अमेरिकेत पोलिसांना दिलेल्या गाड्यांसाठी फोर्डने असा हिशेब मांडला होता की, एक तास उभ्याने चाललेलं इंजिन म्हणजे साधारण ३३ मैलांची, आपल्या मापाने पन्नासेक किलोमीटरची झीज. म्हणजे साठ हजार किलोमीटर चाललेली, पण पुढाऱ्याच्या दारात वाढलेली गाडी आणि दीड लाख किलोमीटर मुंबई-बंगळूर हायवेवर पळालेली गाडी यांत मी दुसरी घेईन. किंमत सारखी असली तरीही.

पुढाऱ्यांच्या गाड्यांनंतर जुन्या बाजारातला दुसरा प्रकार दिल्लीच्या गाड्यांचा. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना राजधानी परिसरात बंदी घालणारा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश २०१५चा; ऑक्टोबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. तेव्हापासून तिथल्या आठ-नऊ वर्षांच्या मोठ्या डिझेल गाड्या स्वस्तात बाहेरच्या राज्यांत येत राहिल्या. गाडी म्हणून त्या वाईट असतातच असं नाही. पण स्वस्ताईचा हिशेब कागदांवर फिसकटतो. फॉर्म २८ची एनओसी, कर्ज असेल तर बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५, मग महाराष्ट्राचा कर भरून नवा नंबर. आपल्याकडे डिझेल गाडीवरचा एकरकमी कर नव्या गाडीच्या किमतीनुसार तेरा ते पंधरा टक्के आहे; जुन्या गाडीला तो वयाप्रमाणे कमी बसतो, पण बसतो. थकीत ई-चलनं आधी बघून घ्यावीत. विम्याची पॉलिसी नाव बदलल्यापासून चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावी, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळणार नाही हे गृहीत धरावं.

तिसरा प्रकार पाण्यात बुडालेल्या गाडीचा. २०१९च्या महापुरात सांगली-कोल्हापूर आणि २०२१च्या जुलैत चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं, तेव्हा किती तरी गाड्या छतापर्यंत बुडाल्या. विमा कंपन्यांनी निकालात काढलेल्या अशा गाड्या लिलावातून फिरून, धुऊन-पुसून, दोन जिल्हे ओलांडून पुन्हा बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. वरचा हातभर पट्टा सगळे धुतात. रिळात गुंडाळलेल्या शेवटच्या वितीवर गाळाची पिवळसर रेघ राहून जाते. तिसऱ्या रांगेच्या सीटखालचे बोल्ट, डॅशबोर्डखालचे स्क्रू, स्टेपनी काढल्यावर दिसणारा पत्रा, तिथे गंज असेल तर सौदा किती का गोड असेना, उठून यावं.

दोन इंजिनं, दोन दुखणी

भारतात फॉर्च्युनर २००९मध्ये आली ती तीन लिटरच्या डिझेल इंजिनासह. २०१६च्या नोव्हेंबरात नवी पिढी आली तेव्हा २.८ लिटरचं इंजिन आलं. दोन्ही दणकट. पण दणकट गाडीचा तोटा असा की ती दुर्लक्ष बराच काळ सोसते आणि मग एकदम बसते.

जुन्या तीन लिटरमध्ये टायमिंग बेल्ट आहे, आणि तो दीड लाख किलोमीटरला बदलायचा असतो. वेळ झाली की डॅशबोर्डवर दिवा लागतो. आता वर सांगितलेलं मीटर आठवा. मीटर मागे गेलेलं असेल तर तो दिवाही फसतो. लाख दाखवणारी गाडी खरी एक लाख ऐंशी हजार चालली असेल, बेल्ट जन्मापासूनचा असेल, आणि तो तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. मग नुसता बेल्ट नाही, इंजिनचं काम निघतं. म्हणून बिल हातात नसेल तर विक्रेता काय सांगतो याला अर्थ नाही. बेल्ट, त्याचा टेन्शनर, सोबत वॉटर पंप. घेतल्यानंतर पहिल्या पंधरवड्यात बदलून टाकायचं. पट्टा बदलायला जे उघडावं लागतं तेच पंपासाठी उघडावं लागतं, त्यामुळे मजुरी एकदाच.

याच इंजिनाचं दुसरं दुखणं ऑस्ट्रेलियातल्या टोयोटा प्राडो-हायलक्सवाल्यांत फार गाजलं, कारण तिथेही हेच इंजिन होतं. इंजेक्टरच्या बुडाशी बसणारी छोटी सील झिजली की ज्वलनाचा वायू वर व्हॉल्व्ह कव्हरमध्ये घुसतो. तिथलं ऑइल करपतं, त्याच्या काळ्या खपल्या खाली ऑइलच्या टाकीत, म्हणजे सम्पमध्ये, पडतात आणि ऑइल पंपाच्या तोंडावरची जाळी बुजते. वरून ऑइल भरपूर, डिपस्टिकवर पातळी बरोबर, आणि बेअरिंगपर्यंत ऑइल पोचतच नाही. हे कळण्याच्या खुणा आहेत. सकाळी थंड इंजिन सुरू करताना पहिले काही सेकंद डिझेलचा नेहमीपेक्षा कडक ठोका येतो. सील बदलणं हे काही तासांचं काम. जाळी बुजून गेलेलं इंजिन हे काही लाखांचं. तीन लिटरची गाडी घेतली असेल तर पहिल्या ऑइल बदलाच्या वेळी सम्प उतरवून जाळी डोळ्यांनी बघण्याचा आग्रह धरावा. गॅरेजवाला ‘काही गरज नाही’ म्हणेल, कारण त्याला गॅस्केट पुन्हा लावत बसायचा कंटाळा असतो.

नव्या २.८ला बेल्टऐवजी चेन आहे, ही काळजी तिथे नाही. तिथे काळजी वेगळी. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष आले आणि मोठ्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी धरणारा डीपीएफ बसला. साचलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, पण त्यासाठी इंजिन तापलेलं आणि गाडी एकसारख्या वेगात पंधरा-वीस मिनिटं पळती हवी. घर ते शाळा, शाळा ते भाजी मंडई, एवढ्यावर ते होत नाही. अर्धवट तुटलेल्या प्रत्येक प्रयत्नात जादा सोडलेलं डिझेल थोडं थोडं ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी झालेलं दिसलं तर आपण घाबरतो. बीएस-६ डिझेलमध्ये ते वाढलेलं दिसलं तर जास्त घाबरावं. डीपीएफचं प्रकरण किती दूर जाऊ शकतं याचा दाखला ऑस्ट्रेलियाचाच आहे. तिथल्या फेडरल न्यायालयाने एप्रिल २०२२मध्ये हायलक्स, प्राडो आणि फॉर्च्युनरच्या सुमारे २,६४,००० डिझेल गाड्यांतला डीपीएफ सदोष असल्याचा निवाडा ग्राहकांच्या बाजूने दिला. तिथले डीपीएफ, तिथली हवा वेगळी. पण फक्त शहरात, रोज पाच-सात किलोमीटर चालवायची असेल तर मोठी बीएस-६ डिझेल घेऊच नये, पेट्रोल बघावी, असं मला ठामपणे वाटतं. डिझेल खूप पिते म्हणून टोमणे खाणाऱ्या गाड्यांपेक्षाही २.७ लिटरची पेट्रोल फॉर्च्युनर जास्त पिते, खरं आहे. पण रोजचं चालणं कमी असेल तर तो फरक एका डीपीएफच्या बिलात निघून जातो.

ऑइलचा वाद

कंपनीने पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर ऑइल बदलावं की निम्म्यावर, यावर दोन गट कायम भांडत असतात. पुस्तिका नीट वाचली तर भांडण मिटतं. जवळपास प्रत्येक पुस्तिकेत कठीण वापरासाठी वेगळा रकाना असतो: धूळ, वारंवार थोडं थोडं अंतर, तासन्‌तास उभ्याने इंजिन, ओझं, चढ. आपल्या वापरात यातलं काय नसतं? ऊसवाहतुकीच्या रस्त्यावर जानेवारीत एअर फिल्टर उघडून पाहावा. म्हणून जुन्या टर्बो डिझेलला पाच ते साडेसात हजार किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी ऑइल आणि फिल्टर, यावर मी ठाम आहे. सिंथेटिक घालून पंधरा हजार ओढण्यापेक्षा साधं पण योग्य दर्जाचं ऑइल लवकर बदललेलं बरं. अपवाद बीएस-६चा. तिथे कमी राख सोडणारं, पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचंच ऑइल लागतं; कारण काजळी जळून जाते, पण ऑइलची राख डीपीएफमध्ये कायमची बसते. ‘डिझेलचं ऑइल द्या’ एवढं सांगून डबा आणणं बंद करावं.

एंडेव्हरच्या २.२ आणि ३.२ लिटर इंजिनांत एक खोच आहे आणि ती साध्या गॅरेजात कुणाला माहीत नसते. ऑइल काढून टाकी उघडी ठेवून मिस्त्री चहाला गेला, तर ऑइल पंपातलंही ऑइल ओघळून जातं आणि नंतर पंप ऑइल उचलतच नाही. दहा मिनिटांच्या आत नवं ऑइल भरायचं, असा फोर्डचा दंडक आहे. नवा फिल्टर, नवं ऑइल बोनेटवर तयार ठेवूनच खालचा बोल्ट सोडायला सांगावं.

डिझेल फिल्टरबद्दल थोडक्यात: वेळेआधी बदलावा, अस्सलच घ्यावा, पाण्याचा दिवा लागला तर त्याच दिवशी पाणी काढावं. कॉमन रेल इंजेक्टरला पाणी आणि कचरा चालत नाही, आणि चार इंजेक्टरच्या पैशात फिल्टर जन्मभर येतात.

बोअरचं पाणी

कूलंटवर इतका वेळ का घालवावा, असं वाटेल. पण सोलापूर, लातूर, बीड भागातल्या गॅरेजांत इंजिनं उघडलेली बघितली की कळतं. ड्रायव्हर सकाळी रिझर्व्हायर कमी दिसला म्हणून बादलीतलं बोअरचं पाणी ओततो. ते पाणी इतकं जड की घरातल्या नळाच्या तोंडावर महिन्याभरात पांढरा थर येतो. रेडिएटरच्या नळ्या तर त्याहून बारीक. कूलंट पातळ होतं, गंजरोधक घटक संपतात, वॉटर पंपाचं सील जातं, आणि एप्रिलात चढावर काटा वर चढतो. हेड वाकलं की पुढचं बिल विचारू नये.

टोयोटाच्या गुलाबी कूलंटला कंपनीच पहिल्यांदा १,६०,००० किलोमीटर आणि नंतर दर ८०,००० किलोमीटरचं आयुष्य देते. हा आकडा खरा आहे, पण तो भेसळ न झालेल्या कूलंटचा. सेकंडहँड गाडीत आत काय आहे हे माहीत नसतं, म्हणून घेतल्यावर सगळं काढून, डिस्टिल्ड पाण्याने धुऊन, पुस्तिकेत सांगितलेलं तयार कूलंट भरावं. रेडिएटरची टोपी आणि थर्मोस्टॅट दोन्ही त्याच वेळी नवे. हिरवं आणि गुलाबी एकत्र करू नये. आणि डिकीत एक लिटरची कूलंटची बाटली ठेवली की बादलीचा प्रश्नच राहत नाही.

पुढे लावलेला लोखंडी बुलगार्ड असेल तर तो काढून टाकावा. केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७मध्येच अशा गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं होतं. एअरबॅगच्या वेळेत तो ढवळाढवळ करतो, हे मुख्य कारण. रेडिएटरसमोरची हवा अडते हे दुय्यम, पण मेमध्ये तेही लक्षात येतं.

‘लाइफटाइम’ म्हणजे कुणाचा?

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलवर शोरूमचा सल्लागार म्हणतो की, ते लाइफटाइम आहे, हात लावू नका. गिअरबॉक्स बनवणाऱ्या झेडएफसारख्या कंपन्या मात्र आपल्या गिअरबॉक्ससाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला ऑइल बदलायची शिफारस करतात. पहिल्या मालकाच्या वॉरंटीपुरता लाइफटाइम, असा त्याचा सरळ अर्थ घ्यावा.

खरा पेच दुसरा आहे. दोन लाख चाललेल्या गाडीचं ऑइल कधीच बदललेलं नसेल तर आता बदलावं का? मशीनने दाबाखाली फ्लश करून सगळा जुना कचरा एकदम हलवला की गिअर घसरायला लागल्याच्या कहाण्या खोट्या नाहीत. मधला मार्ग असा: ऑइल गुलाबी किंवा तपकिरी असेल आणि करपलेला वास नसेल, तर नुसतं खालून निघेल तेवढं काढून तेवढंच भरायचं, काही हजार किलोमीटरनी पुन्हा तसंच. प्रत्येक वेळी निम्म्याच्या आसपासच बदलतं, म्हणून तीन वेळा करावं लागतं. काळं असेल, जळका वास येत असेल, गिअर आताच ओढत असेल, तर ऑइल बदलून गिअरबॉक्स सुधारत नाही. तेव्हा पैसे दुरुस्तीसाठी राखून ठेवावेत. पातळी बघणं हे तापमान मोजूनच करायचं काम आहे. अंदाजाने भरणाऱ्याला गिअरबॉक्स देऊ नये.

मॅन्युअल गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा-मागचा डिफरन्शियल यांचं ऑइल तर लोक गाडीच्या जन्मात बदलत नाहीत. सगळी मिळून एका टायरच्या किमतीत होतात. फोर बाय फोर असेल तर महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर लिव्हर टाकून किलोमीटर-दोन किलोमीटर चालवावी, नाही तर सील वाळतात आणि ज्या दिवशी चिखलात लागतं त्या दिवशी लिव्हर टाकता येत नाही. कोरड्या डांबरावर मात्र पार्टटाइम फोर बाय फोर टाकून वळणं घेऊ नयेत. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीसची निप्पल असते; दर सर्व्हिसला ‘ग्रीस मारलं का’ हे विचारावं आणि शक्य असेल तर बघावं.

चेसिस

इंजिन नवं बसवता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. शिडीच्या आकाराची चेसिस गंजली की गाडी संपते. म्हणून दीर्घायुष्याच्या प्रश्नात मी इंजिनाच्या आधी चेसिस ठेवतो, आणि खरेदीच्या वेळी लोक नेमकं हेच बघत नाहीत, कारण त्यासाठी आडवं पडून खाली सरकावं लागतं.

टोयोटासारख्या कंपनीची गाडी आहे म्हणून निश्चिंत राहू नये. अमेरिकेत टकोमा, टुंड्रा आणि सिकोया या गाड्यांच्या चेसिस बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाने इतक्या गंजल्या की २०१६मध्ये टोयोटाने सुमारे पंधरा लाख गाड्यांसाठी ३४० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. गंमत म्हणजे हीच सिकोया सर्वांत लांब टिकणाऱ्या गाड्यांच्या एका अमेरिकी यादीत २०२२मध्ये पहिली आली, २,९६,५०९ मैल, म्हणजे पावणेपाच लाख किलोमीटर. तो आकडा त्या मॉडेलमधल्या सर्वाधिक चाललेल्या एक टक्का गाड्यांचा होता, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही. गाडी तीच, मिठात राहिली की कोरड्या वाळवंटी राज्यात, एवढाच फरक.

आपल्याकडचं मीठ समुद्राचं. एमएच ०६, ०७, ०८ नंबरची, म्हणजे रायगड, सिंधुदुर्ग, रत्नागिरीची गाडी असेल, किंवा गोव्याची, तर लिफ्टवर घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. चेसिसच्या आडव्या-उभ्या पट्ट्या आतून पोकळ असतात. चिखल आत जातो, खालची भोकं बुजतात, आणि गंज आतून बाहेर येतो. मागच्या चाकांच्या वर जिथे चेसिस कमानीसारखी वळते आणि जिथे सस्पेन्शनचे ब्रॅकेट जोडलेले असतात, तिथे आधी पाहावं. पान्ह्याच्या दांडीने ठोकत जावं. सलग टणटणीत आवाज म्हणजे ठीक. एखाद्या ठिकाणी आवाज बसका आला, खपली निघाली, तर तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबून बघावं. विक्रेता कुरकुरला तर उत्तर मिळालंच.

आणि खालून ताजा काळा रंग झळकत असेल तर खूश होऊ नये, सावध व्हावं. गंजावर थेट कोटिंग मारलं की गंज झाकला जातो आणि ओल आत कोंडून तो अधिक वेगाने वाढतो. कोटिंग करायचंच तर पावसाळ्याआधी, खरवडून, गंजरोधक प्राइमर लावून. पोकळ भागांत मेणासारखं वाहणारं द्रव्य फवारून. आणि पाणी निघायची भोकं मोकळी ठेवून. काशीद-गुहागरच्या वाळूत गाडी घालण्याचा मोह टाळावा. तो कायद्याने आणि अकलेने दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. तरी किनाऱ्यावर मुक्काम झालाच, तर घरी येऊन गोड्या पाण्याने खालून धुणं हा दोनशे रुपयांचा विमा आहे.

चाकं, ब्रेक, उंदीर

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ३५१९ म्हणजे २०१९चा पस्तिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचं रबर समृद्धी महामार्गावर उन्हात तासाला एकशे वीसच्या वेगाला नेऊ नये. दोन टन वजनाची गाडी आहे. स्टेपनीचाही आकडा बघावा, बहुधा ती गाडीच्याच वयाची निघते. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, ओल धरलेलं १५५ला; आंबोली किंवा कुंभार्ली पूर्ण भरलेल्या गाडीने ब्रेकवर उतरलात तर हा फरक पायाला जाणवतो. दर दोन वर्षांनी बदलावं, आणि घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा. पुढचे लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि लिंक रॉड एकेक करून बदलण्यापेक्षा एका वेळी सगळे केले तर अलाइनमेंटचे पैसे वाचतात.

इलेक्ट्रिकलमध्ये दोन शत्रू. पहिला आधीच्या मालकाने लावलेले जादा दिवे, हॉर्न, अॅम्प्लिफायर. त्यांच्या कापून जोडलेल्या, टेप गुंडाळलेल्या वायरी काढून मूळ वायरिंग पूर्ववत करून घ्यावं. दुसरा उंदीर. पावसात शेत भरलं की बोनेटखालची ऊब त्यांना आवडते, आणि एका रात्रीत सेन्सरची वायर कुरतडली की सकाळी गाडी सुरूच होत नाही. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, फिनेल, सगळे उपाय लोक करतात. पंधरा दिवसांनी वास उडतो आणि उंदीर परत येतो. सर्वांत चालणारा उपाय म्हणजे गाडी रोज हलवणं आणि हवा आत घेण्याच्या वाटांना बारीक स्टीलची जाळी बसवणं. ही तक्रार प्रत्येक जण पहिल्यांदा हसत सांगतो, दुसऱ्यांदा नाही.

शोरूम की ओळखीचा मिस्त्री

माझं उत्तर दोन्ही. स्कॅनर, रिकॉल, इंजेक्टर कोडिंग, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांसाठी अधिकृत सर्व्हिस सेंटर किंवा त्याच कंपनीत वर्षं काढून बाहेर पडलेला माणूस. बाकी ऑइल, ब्रेक, सस्पेन्शन यांसाठी समोर उभं राहू देणारा मिस्त्री. जुने पार्ट हातात देत नाही असा मिस्त्री कितीही स्वस्त असला तरी सोडावा. पार्टसाठी पुण्याची नाना पेठ किंवा मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. दरवाजाचं हँडल, आरसा, दिव्याची काच, सीट तिथून जुने घ्यायला काहीच हरकत नाही. ब्रेक, बेल्ट, फिल्टर, बेअरिंग जुने किंवा नकली घेऊ नयेत. अस्सल खोक्यात नकली फिल्टर मिळतो, म्हणून खोकं नव्हे, पावती आणि दुकान बघावं.

एंडेव्हरचा प्रश्न वेगळा आहे. फोर्डने सप्टेंबर २०२१मध्ये भारतातलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. सर्व्हिस आणि पार्ट चालू राहतील असं कंपनीने सांगितलं, आणि बऱ्याच अंशी ते आहेत. पण काही पार्ट यायला वेळ लागतो, आणि या वर्गाची गाडी महिनाभर उभी राहणं हाच मोठा खर्च. हीच गाडी एव्हरेस्ट नावाने थायलंडमध्ये बनत आली आणि ऑस्ट्रेलियात विकली गेली, तिची रेंजर पिकअपशी बरीच भावकी आहे; त्यामुळे तिथून पार्ट मागवणं जमतं. समजूतदार मालक दोन सर्व्हिसचे फिल्टर, बेल्ट, ब्रेक पॅड घरात ठेवतात. किंमत कमी आहे ती याच भीतीने, आणि ज्याला थोडी उठाठेव जमते त्याच्यासाठी तोच फायदा आहे. २०२० नंतरच्या दहा गिअरच्या ऑटोमॅटिकपेक्षा ३.२ लिटरची आधीची गाडी मी पसंत करीन. कारण तिच्यात दुरुस्त होण्यासारखं जास्त आणि बदलावं लागण्यासारखं कमी आहे.

कधी थांबायचं

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. म्हणजे २००९-१०च्या पहिल्या फॉर्च्युनर आता फिटनेस करून नव्याने नोंदवल्या जात आहेत, पुढच्या पाच वर्षांसाठी. एप्रिल २०२२पासून मोटारीच्या या फेरनोंदणीची केंद्राची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली, वर राज्याचा पर्यावरण कर. हे अडवणारे आकडे नाहीत. अडवते ती फिटनेसच्या वेळी उघडी पडणारी गाडी.

निर्णय घेताना एकच नियम मी पाळतो. इंजिन, टर्बो, क्लच यांचं मोठं काम निघालं आणि चेसिस निरोगी असेल, तर खर्च करावा, अगदी गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्मा असला तरी. कारण त्या पैशात तेवढी गाडी दुसरी मिळत नाही, आणि या गाडीचा पूर्वेतिहास आता आपल्या वहीत आहे. चेसिस कुजली असेल, किंवा गाडी पुरात गेली असेल, तर एक रुपयाही घालू नये. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी, तिथलं ठेव प्रमाणपत्र घ्यावं. त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. चांगले टायर, नवी बॅटरी आणि घरात साठवलेले फिल्टर त्याआधी काढून घ्यायला विसरू नये. त्याच मॉडेलचा दुसरा मालक ते आनंदाने घेतो.